माळ्यावरचा व्हीसीआर

॥ श्री ॥
थेरगाव
८ जानेवारी २०२५

सोजरावन्सं यांना पुतळाबाईचा नमस्कार.

तुम्ही म्हणाल, हिला आज अचानक पत्र कशाला सुचलं. फोनच करणार होते, पण तुमचा ज्ञानेश म्हणाला, आईला फोनवर काही ऐकू येत नाही, कानातलं मशीन नुसत्या शिट्ट्या मारतं. आमच्या शेखरची सायली म्हणते, आजी, व्हिडिओ कॉल लाव. तो लावला की सगळं घर कान टवकारून बसतं, मग माणसानं बोलायचं काय. त्यापेक्षा पत्र बरं. अक्षरं तुमचीच आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा पंधराची, तुम्ही पाचवीत. गोठ्यामागं पाटी घेऊन मला बसवायचात आणि मी ‘हाय’ लिहिलं की थुंकीनं पुसून ‘आहे’ लिहायला लावायचात. तेव्हा आपण एकमेकींना अगंतुगं करायचो. असो. तोंडात अजून ‘हाय’ असलं तरी लिहिताना मी ‘आहे’च लिहिते, बघा.

आता मुद्द्याचं. शेखर हे घर पाडून चार मजले चढवणार आहे. भाडेकरू ठेवायचे म्हणतो. परवा त्यानं माळा रिकामा करायला घेतला. आधी आला पाळणा, मग तांब्याचा बंब, मग माझ्या बाळंतपणातली शेगडी, आणि सगळ्यात मागं, गोधडीत गुंडाळलेला आपला टीव्ही. लाकडी शटरचा. त्याच्याखाली तो व्हीसीआर, आणि पिशवीत सात कॅसेटी. मी खालून ओरडले, "हळू, हळू, पोटुशी बाई उतरवल्यागत उतरवा."

शेखर म्हणाला, "आई, भंगारवाला उद्या येतोय, किलोवर घेईल." मी काय केलं, टीव्हीवर जाऊन बसले. खरंच बसले. म्हटलं, आधी मला किलोवर घाल, मग टीव्ही.

वन्सं, तुम्हाला आठवतंय ना सगळं? कंपनीसाठी जमीन गेली त्या साली तुमच्या दादांनी हा आणला. गावातला तिसरा टीव्ही, पण व्हीसीआर पहिला. रविवारी सकाळी देवांची मालिका लागायची तेव्हा दारात चपलांचा ढीग, आणि माणसं घरात मावत नव्हती म्हणून खिडकीच्या गजाला लोंबकळायची. सासूबाई आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन पुढं बसायच्या. देव दिसला की टीव्हीला हळद-कुंकू. काच पुसता पुसता माझा जीव जायचा. आणि अँटेना. तुमचे दादा पत्र्यावर, माहेरी आलेल्या तुम्ही दारात, मी टीव्हीपाशी. ते वरनं विचारायचे, "आलं का?" तुम्ही मला विचारायच्या, "आलं का?" मी म्हणायची, "मुंग्या आल्या." तुम्ही वर सांगायच्या, "दादा, मुंग्या." ते एवढे चिडायचे की अँटेनालाच शिव्या द्यायचे.

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. कॅसेटींमधली एक मालिकेची नाही. तिच्यावर तुमच्या दादांच्या अक्षरात लिहिलंय, ‘चि. शेखर, पाचवा वाढदिवस’. पिंपरीहून तो कॅमेरावाला आला होता, आठवतो का, दिव्याची दांडी घेऊन. त्यात सासूबाई असणार, वन्सं. आपल्याकडं त्यांचा एकच फोटो, तोही आधारकार्डाएवढा, आणि त्यात त्या रागावलेल्या. इथं त्या हलणार, बोलणार.

डांगे चौकातल्या भिमाजीला बोलावलंय. तोच तो, आपल्याकडं अँटेना लावायला यायचा तो पोरगेला मेकॅनिक. आता त्याला नातू आहे. तो म्हणाला, काकू, दोन्ही चालू करून देतो.

तर तुम्ही या. यांच्या दहाव्याला आलात आणि पाणीसुद्धा न पिता गेलात, ते मी मनात ठेवलेलं नाही. जुनं काही काढायचं नाही. मी काढणार नाही. नुसतं आपण दोघींनी बसून बघायचं.

तुमची वहिनी,
पुतळाबाई

*

वाकी, चाकण
१४ जानेवारी २०२५

पुतळावहिनी यांना सोजराबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं. आज संक्रांत आहे म्हणून गोड बोलून लिहावं असं मनात होतं, पण तुम्ही लिहिलंत ‘जुनं काढायचं नाही’. जुनं काढल्याशिवाय मला त्या घरात पाऊल टाकता येणार नाही. म्हणून एकदाच काढते.

माझ्या आईची सात मोत्यांची नथ. ती मला द्यायची असं आई सगळ्यांसमोर बोलली होती. तिच्या तेराव्याला डबी उघडली तेव्हा रिकामी निघाली. किल्ल्या तुमच्या कमरेला होत्या. मी तेव्हा काही बोलले नाही. दादाच्या संसारात वितुष्ट नको म्हणून छत्तीस वर्षं बोलले नाही. घरी येऊन नाकातली चमकी काढून ठेवली, ती आजतागायत घातली नाही.

ज्या घरात आईची नथ गेली त्या घरात मी टीव्ही बघायला येऊ? तुम्ही बघा, आणि आनंदात राहा.

सोजराबाई

ता. क. कॅसेटमध्ये आई चालते का? की नुसतीच बसलेली आहे?

*

थेरगाव
१८ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. परत वाचलं. मग सायलीकडून वाचून घेतलं, म्हटलं माझंच काही चुकत असेल. नाही. तुम्हाला वाटतं नथ मी घेतली.

वन्सं, मला वाटत होतं नथ तुम्ही घेतलीत.

हे लिहिताना मला हसू येतंय आणि डोळ्यांतून पाणी पण. सायली विचारते, आजी, नक्की काय चाललंय तुझं. खरं सांगते, डबी रिकामी दिसली तेव्हा माझ्या मनात आलं, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही उशाशी होतात, त्यांनी बोललेलीच होती तुम्हाला, नेली असेल. नेली तर नेली, तुमचीच होती. फक्त सांगून न्यायची. एवढाच माझा राग. कबूल करते, राग होता, आणि चांगला ठसठशीत होता. तेराव्याला तुमच्या ताटात पुरणपोळी वाढताना मी काठाकाठाची वाढली होती. ते तुमच्या लक्षात आलं नसेल, पण मला आठवतंय.

तुमच्या दादांनी मला विचारलं, "नथ कुठाय?" मी म्हटलं, "आईंनी सोजराला स्वतःच्या हातानं दिली, माझ्यासमोर." खोटं बोलले. कोणी तुमच्या दारात विचारायला येऊ नये म्हणून. भावकीतल्या बायकांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. म्हणजे मी तुम्हाला झाकत होते आणि तुम्ही दादांकडं बघून मला झाकत होतात. बाई बाई. आपण दोघींनी एकमेकींना इतकं झाकलं की दोघी गुदमरलो.

मग नथ गेली कुठं?

मी देवापुढं हात ठेवून सांगते, मी घेतली नाही. तुम्ही पण तसंच सांगा. मी लगेच विश्वास ठेवीन. आम्ही खेड्यातल्या बायका, थेरगावला आता कोणी खेडं म्हणत नाही ते सोडा, पण शपथेला जपतो.

बरं, आनंदाची बातमी. भिमाजीनं टीव्ही लावला. आधी काहीच नाही. मग बारीक चूं असा आवाज आला, मग मधोमध एक पांढरा ठिपका, आणि मग वन्सं, मुंग्या आल्या. पडदाभर मुंग्या. मला इतका आनंद झाला की मी दाराकडं बघून "मुंग्या आल्या" असं ओरडले. दारात कोणी नव्हतं.

व्हीसीआर अजून उघडलेला नाही. सासूबाई गेल्या त्याच सुमाराला तो बंद पडला होता ना. कॅसेट आत घालायला गेलं की परत बाहेर यायची. मग वर्षभर सुतकाचं म्हणून टीव्हीच लावला नाही, तोवर केबल आली, आणि हा चढला माळ्यावर. भिमाजीला त्याच्या आतले रबरी पट्टे मिळवायला भोसरीला जायचंय. तो म्हणतो ह्या गुरुवारी, पण त्याचा गुरुवार कधीचा ते त्यालाच माहीत.

सासूबाई चालतात की नाही ते तेव्हा कळेल. मी तुम्हाला लगेच लिहीन.

पुतळा

*

वाकी
२१ जानेवारी २०२५

वहिनी,

म्हणजे छत्तीस वर्षं साऱ्या भावकीला वाटत होतं की नथ माझ्याकडं आहे? भावकीतल्या कुसुमताईच्या मुलीच्या लग्नात सगळ्या बायका माझ्या नाकाकडं का बघत होत्या ते मला आज कळलं. मला वाटलं माझ्या नाकाला काही लागलंय. मी तीनदा पदरानं नाक पुसलं.

शपथ घेते. मी नथ घेतली नाही.

पण तुमच्यावर विश्वास ठेवायचा तर एक गोष्ट अडवते. ती मी कोणाला सांगितली नव्हती. आई जायच्या चार दिवस आधी मी तिला विचारलं होतं, नथ कुठं ठेवलीस. ती म्हणाली, "देवाला घातली." मी विचारलं, कुठल्या देवाला? देहूला तर तू सहा महिने गेली नाहीस. तर म्हणाली, "आपल्या घरी रविवारी येतो त्याला." वहिनी, रविवारी आपल्या घरी कोण यायचं? दूधवाला. मला कळलं, ती भ्रमात नव्हती, ती तुम्हाला वाचवत होती. सून तिची लाडकी होती. मरतानासुद्धा तिनं तुमच्यावर आळ येऊ दिला नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता.

आता तुम्ही म्हणता तुम्ही घेतली नाही. मग आई कोणाला वाचवत होती?

मला झोप नाही. पुनम म्हणते, आई, पत्रं नका वाचू, तुमचं बीपी वाढतं. पुनम माझी सून, चांगली आहे, पण तिला काय कळणार. यापुढं पत्र पाठवू नका.

सोजराबाई

*

थेरगाव
३१ जानेवारी २०२५, शुक्रवार

वन्सं, वन्सं, वन्सं,

पाठवू नका म्हणालात तरी पाठवते. बसून घ्या. पुनमला म्हणावं पाणी आण, गोळी आण, आणि मग वाचा.

तुमचं पत्र नऊ दिवस माझ्या उशाखाली होतं. ‘रविवारी आपल्या घरी येतो त्याला.’ मी रोज वाचत होते. तुमच्यासारखीच मी पण दूधवाल्यापाशी अडकले. तो भिमाजी काही पट्टे घेऊन येईना.

काल गुरुवारी आला. ओट्यावर चादर टाकली, व्हीसीआर ठेवला, स्क्रू काढले. शेखर शेजारी मोबाईल बघत बसला होता. मी चहा घेऊन आले तर भिमाजीनं झाकण काढलेलं आणि तो नुसता बघत बसलेला. मी विचारलं, "काय रं, उंदीर हाय का?"

तो म्हणाला, "काकू, हितं तर देऊळ हाय."

मी वाकून बघितलं. वन्सं, त्या मशीनच्या पोटात चार आण्याची नाणी. वाळलेली तुळशीची पानं. दोन सुपाऱ्या. हळदीनं पिवळे झालेले तांदूळ, सगळ्या तारांवर पसरलेले. मला आधी काही कळेना. मग एकदम सगळं कळलं आणि मी ओट्यावरच बसले.

टीव्ही टेबलावर. त्याच्याखाली व्हीसीआर, त्याची फट समोर. देवळात देवाच्या पायाशी पेटी असते आणि तिला फट असते की नाही? इथंही वर देव, आणि पायाशी पेटी, तिला फट. सासूबाईंना कोणी सांगितलं होतं का, ही कसली पेटी आहे म्हणून? तुमच्या दादांनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी त्यांचं ओळखलं. दर रविवारी सगळे टीव्हीकडं बघत असायचे आणि त्या पदराआडून पायाशीच्या पेटीत टाकत असायच्या.

शेखर नाण्यांकडं बघत म्हणाला, "आई, ह्या चार आण्यासाठी तू मला मारलं व्हतंस."

मी म्हटलं, "कवा?"

"मी पहिलीत व्हतो. फटीत नाणं दिसलं म्हणून. चिंचेच्या फोकानं. मी सांगत व्हतो मी न्हाई टाकलं, तर अजून दोन दिलंस."

आजीनं टाकलेल्या दानाचा मार नातवानं खाल्ला. बेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण ओठ असा पुढं काढला होता त्यानं की मला तो पहिलीतलाच दिसला. मी म्हटलं, "आता तू मार मला." तर म्हणतो, "राहू दे, घर पाडताना तू आडवी येऊ नको, फिटलं."

तेवढ्यात भिमाजी म्हणाला, "काकू, चाकात एक पुडी अडकलीया. हिच्यामुळंच कॅसेट आत जात नव्हती." त्यानं चिमट्यानं ओढून काढली. लाल खणाचा तुकडा, दोऱ्यानं बांधलेला. सासूबाईंची गाठ मी कुठंही ओळखीन, त्या तीन वेढे द्यायच्या.

मला ती गाठ सुटेना, शेवटी शेखरनं सोडवली.

सात मोती आहेत, वन्सं. पिवळे पडलेत, पण सात आहेत. मधला लाल खडा तसाच.

रविवारी आपल्या घरी दूधवाला येत होता, आणि देव पण येत होता. बरोबर नऊ वाजता. साऱ्या गावाला माहीत होतं. आपल्यालाच आठवलं नाही.

आता एकच कळत नाही. कशासाठी? एवढी नथ, तुम्हाला बोललेली, त्यांनी देवाला का वाहिली? नवसाचं कोणी असं गपचूप फेडत नाही. तुम्हाला काही बोलल्या होत्या का?

आणि तुमच्या ता. क.चं उत्तर. भिमाजीनं तांदूळ झटकले, पट्टा बसवला, स्पिरिटनं काय काय पुसलं आणि कॅसेट घातली. आधी रेघा. मग आपला जुना दरवाजा. मग त्या दारातून सासूबाई आल्या. चालत आल्या, वन्सं. डाव्या पायावर जरा जोर देऊन, तशाच.

मी ओरडले, "बंद कर." भिमाजी घाबरला. त्याला वाटलं शॉक बसला. मी म्हटलं, पुढचं सोजरावन्सं आल्यावर. तोपर्यंत या घरात कोणी बघायचं नाही. सायली रुसली आहे. रुसू दे.

पुतळा

*

वाकी
४ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

पत्र वाचून देवघरात जाऊन बसले. ज्ञानेश शिफ्टवरून आला तरी उठले नाही.

कशासाठी ते मला माहीत आहे. माझ्यासाठी. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती, ते तुम्हाला सांगायला नको. ज्ञानेश झाला तेव्हा आई दवाखान्यात माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली होती, "मी बोलले होते त्याच्याशी. आता माझं देणं राहिलं." मला वाटलं नारळ असेल, खण असेल. मी विचारलंसुद्धा नाही. नथ मला बोललेली होती म्हणून सांगितलं नसेल. मला वाईट वाटेल म्हणून.

म्हणजे नथ माझीच होती आणि माझ्यासाठीच गेली. आणि मी तिच्यावरून तुम्हाला छत्तीस वर्षं चोर म्हणत आले, मनातल्या मनात.

पण वहिनी, मला आता दुसरीच भीती वाटते. नथ देवापर्यंत पोचलीच नाही. मशीनच्या चाकात अडकली. म्हणजे नवस फिटला नाही. ज्ञानेशच्या डोक्यावर तो इतकी वर्षं तसाच आहे. परवा कंपनीत त्याच्या हाताला पत्रा लागला. तीन टाके पडले. मला वाटलं साधी गोष्ट आहे. आता साधी वाटत नाही.

नथ जिथं होती तिथं परत ठेवा. मशीनमध्येच. झाकण लावा. मी रविवारी येते. ज्ञानेश गाडीनं सोडेल. मग काय करायचं ते ठरवू.

सोजरा

*

थेरगाव
११ फेब्रुवारी २०२५

सोजरे,

परवा तू पदर खोचून दारात उतरलीस आणि आधी पाणी मागितलंस, तेव्हाच माझ्या तोंडातून ‘वन्सं’ गेलं. आता ते परत येत नाही. तुला चालणार नसेल तर लिही, प्रयत्न करीन.

तू तुझं कानाचं मशीन घरी विसरलीस. विसरलीस का मुद्दाम ठेवलंस ते विचारत नाही. पण तू साऱ्यांच्या तोंडाकडं नुसती बघत होतीस आणि कितीही ओरडून सांगितलं तरी तुला काही कळत नव्हतं. म्हणून जे तुला ऐकू आलं नाही ते सगळं लिहिते. सवडीनं वाच.

आई दारातून आल्या. आल्या आल्या कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "ह्यात मी दिसती का? मग जरा थांब, पदर घेऊ दे." मग शेखरला पाटावर बसवला. मी ओवाळणीचं ताट घेऊन पुढं. केवढी बारीक होते गं मी. तू म्हणालीस ना, "ही कोण?" मीच ती.

मग आई इकडंतिकडं बघायला लागल्या, ते तू बघितलंस. तेव्हा त्या म्हणाल्या, "सोजरी कुठाय?" कोणीतरी बाई, दिसत नाही कोण, हळूच म्हणाली, "राहू द्या, तिला कशाला पुढं." तुला मूलबाळ नव्हतं म्हणून. कॅमेरा फिरला आणि तू दाराआड उभी होतीस, कडी धरून. आई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते, मी तीनदा लावून ऐकलं:

"दाराआड काय उभी राहिलीस, ये हिकडं. माझ्या घरात पहिली आरती आत्याची. ज्याला बघवत न्हाई त्यानं भाईर जावं."

मग माझ्या हातातलं ताट काढून तुझ्या हातात दिलं. ते तुला दिसलं. तू तेव्हा मला विचारलंस, "काय म्हणाली, काय म्हणाली?" हे म्हणाल्या.

मग सगळे केक कापायला लागले आणि आई मागं टीव्हीपाशी गेल्या. शटर लावलेलं होतं. त्यांनी नथीला हात लावला, ओठ हलले. तेव्हा पोरांचा इतका गोंगाट आहे की काही कळत नाही. मी आवाज मोठा केला, भिमाजीनं कान लावला. ते आम्हालाही ऐकू आलं नाही, सोजरे. ज्याच्याशी बोलत होत्या त्यालाच आलं असेल. वर्षभरानं तुझा पाळणा हलला.

तू टीव्हीच्या काचेवर गाल टेकवलास आणि तुझे सगळे पांढरे केस काचेला चिकटून उभे राहिले, तेव्हा आम्ही का हसत होतो ते तुला कळलं का? सायलीनं फोटो काढलाय. तू साळिंदरासारखी दिसतेस. तू पण हसलीस, पण उगाच, आम्ही हसतो म्हणून.

आता नवसाचं. तू म्हणत होतीस नथ देहूला नेऊन पेटीत टाकू, आणि आम्ही तिघं, मी, शेखर आणि भिमाजी, भांडत होतो. त्या भांडणातलं तुला काही कळलं नाही. मी म्हणत होते, देवानं घेतलीच नसती तर मशीन बंद पडलं असतं का? नथ आत गेली त्याच दिवशी त्यानं पेटी बंद केली. म्हणाला, बास, मिळालं. शेखर म्हणाला, "आई, चाकात अडकली म्हणून बंद पडलं." मी म्हटलं, "अडकवली कुणी?"

आणि ज्ञानेशचं म्हणशील तर नवस न फिटलेल्या माणसाला तीन टाक्यांवर भागत नाही.

मग भिमाजी म्हणाला, "सोजराकाकू, देवळात नारळ दिला की अर्धा परत देत्यात का न्हाई? त्यो घेतला न्हाई तर पुजारी रागावतो." ते मला पटलं. मोठं बोलला तो. म्हणून मी टीव्हीच्या शटरला कुंकू लावलं, नथ त्याच्यापुढं ठेवली, कॅसेटीतला देव लावला, हात जोडले आणि नथ उचलून तुझ्या ओंजळीत घातली. ते मी काय केलं ते तुला दिसलं असेल, पण मी काय म्हटलं ते ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, "प्रसाद."

पण तू ती घालून दाखवली नाहीस. पदराला बांधलीस आणि गाडीत जाऊन बसलीस. मी काचेतून बघत होते, तू बघितलंच नाहीस. तेव्हापासून मला चैन नाही. अजून राग आहे का? काठाकाठाच्या पुरणपोळीचा असेल तर मी परत मधली वाढते. सांग फक्त.

पुतळा

*

वाकी
१६ फेब्रुवारी २०२५

पुतळे,

‘वन्सं’ परत आणू नकोस.

तुझं पत्र मी पुनमला मोठ्यानं वाचायला लावलं, कानाचं मशीन घालून. आई काय म्हणाली ते तिला चारदा वाचायला लावलं. चौथ्या वेळी ती रडायला लागली, मग सोडलं.

राग नाही. राग असता तर पाणी मागितलं असतं का?

नथ घातली नाही, कारण घालता येईना. गाडीत बसल्या बसल्या आरशात बघून घालायला गेले. छत्तीस वर्षांत नाकाचं भोक बुजलंय. नथीची तार टोचली तर डोळ्यांतून पाणी आलं. ज्ञानेशला वाटलं मी आईसाठी रडतेय, तो गाडी कडेला घेऊन मला समजवत बसला. मी त्याला खरं सांगितलं नाही. इतका छान बोलत होता.

चाकणला बाजारपेठेत सोनार आहे. नाक टोचून देतो म्हणतो, एक मिनिटाचं काम. मी परवा त्याच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले. एकोणसत्तर वर्षांची बाई मी, दोन दुष्काळ बघितले, नवरा पोचवला, पण त्या सुईला भ्याले. लहानपणी टोचलं तेव्हा आईनं डोकं मांडीत धरलं होतं.

येत्या गुरुवारी ज्ञानेशला सुट्टी आहे. तो सोबत यायला तयार आहे, पण त्याच्यापुढं ओरडायची मला लाज वाटते.

शेखरला सांग, टीव्ही भंगारात द्यायचा नाही. माझी ओसरी मोठी आहे. माझ्याकडं पाठव, व्हीसीआरसकट. तांदूळ झटकले असतील, पण सुपाऱ्या तेवढ्या आत परत ठेव.

तू येशील का गं?

सोजरा

*

थेरगाव
१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

सोजरे,

तुझं पत्र आत्ता मिळालं. टेम्पो सांगितला आहे. टीव्ही मागं गोधडीत, मी पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर व्हीसीआर. शेखर म्हणतो उद्या सकाळी नीघ. मी म्हटलं, उद्या सकाळी नाक टोचायचंय, आज नको का पोचायला?

हे पत्र पेटीत टाकून निघते. माझ्या मागून येईल. आपण दोघी बसून वाचू.

पुतळा